लायटरमधली ठिणगी

गॅसचा साधा लायटर दाबला की खट्‌कन आवाज होतो आणि टोकाशी ठिणगी पडते. आत सेल नाही की कुठली वायर बाहेर जात नाही. मग वीज येते कुठून? दट्ट्या दाबताना आतली स्प्रिंग आवळली जाते, मग सुटते आणि एक छोटी हातोडी सिरॅमिकच्या इवल्याशा तुकड्यावर आदळते. त्या दणक्याने क्षणभर काही हजार व्होल्टचा दाब तयार होतो आणि टोकाजवळच्या फटीत ठिणगी उडते. लायटर रुसलाच, तर फेकण्याआधी ते तेलकट टोक एकदा पुसून बघा.

दाबातून वीज हा गुण १८८० मध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दाखवला. सिरॅमिकला मात्र तो शिकवावा लागतो. भाजून तयार झालेला तुकडा तापवून तीव्र विद्युतक्षेत्रात ठेवतात, तेव्हा आतले विस्कळीत विद्युतध्रुव बरेचसे एका दिशेला वळतात. पुढे तो फार तापला, की शिकलेलं सगळं विसरतो!

उलटंही घडतं. वीज दिली की सिरॅमिक थरथरतं. सोनोग्राफीच्या प्रोबमध्ये ते सेकंदाला लाखो वेळा थरथरून ध्वनिलहरी पोटात पाठवतं आणि परतलेल्या प्रतिध्वनीची पुन्हा वीज करतं. गाडी मागे घेताना भिंतीचा अंदाज देणारे सेन्सरही असेच.

यातलं सर्वाधिक वापराचं सिरॅमिक म्हणजे पीझेडटी. त्यात शिसं असतं, म्हणून बिनशिशाच्या पर्यायांवर संशोधन चालू आहे. पोटॅशियम-सोडियम नायोबेट हा त्यांपैकी एक.