फ्रिज वितळवला म्हणजे दुरुस्त झाला का?

आजचा विषय अगदी घरगुती. फ्रिज 'फ्रॉस्ट-फ्री' आहे, तरी फ्रीझरच्या मागच्या बाजूला बर्फाची भिंत तयार होते. वर सगळं कडक गोठलेलं आणि खालच्या कप्प्यात दूध नासतंय. असं का होतं?

डबल डोअर फ्रिजमध्ये गार करणारी कॉइल फ्रीझरच्या मागच्या पॅनेलआड असते. एक छोटा फॅन तिच्यावरची गार हवा खाली पाठवतो. कॉइलवर बर्फ साठला की हवेचा रस्ताच बंद. कॉम्प्रेसर दिवसभर घरघरतो, बिल वाढतं आणि खालचा कप्पा कोमट.

आमच्या साताऱ्याच्या घरी त्या खालच्या कप्प्यात आईचं इन्सुलिन असतं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. मी थर्मामीटर ठेवून बघितला, तर १४! दुधाचं एक बरं असतं, नासलं की फाटतं, वास येतो. औषध बिघडलं तर दिसेलच असं नाही. म्हणून पहिलं काम, इन्सुलिन शेजारच्या काकूंच्या फ्रिजमध्ये. तिथेही खालीच, फ्रीझरमध्ये नाही. गोठलेलं इन्सुलिन वापरायचं नसतं.

एका मेकॅनिकने बघितल्या बघितल्या सांगितलं, "गॅस संपलाय, भरावा लागेल." पण गॅस कमी झाला, तर सहसा कॉइलच्या सुरुवातीच्या भागावरच बर्फ धरतो. आमची कॉइल वरपासून खालपर्यंत सारखी पांढरी होती. म्हणजे गार करणारी बाजू ठीक होती, बर्फ वितळवणारी बंद पडली होती.

दुसरा पुरावा म्हणजे फ्रिज चोवीस तास बंद करून दार उघडं ठेवलं, परत लावला, तर आठवडाभर झकास चालला. मग पुन्हा तेच. आमच्या धंद्यात सर्व्हर रीस्टार्ट करतात आणि तक्रार बंद करून टाकतात, तसलाच हा प्रकार. बर्फ गेला, कारण तिथेच राहिलं.

आता तपासणी. आधी पिन काढा. बर्फ सुरीने खरवडू नका. बऱ्याच नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो, आणि तो पेट घेतो. कॉइलला भोक पडलं तर संपलंच.

जुन्या पद्धतीच्या फ्रिजमध्ये टायमर असतो. तो काही तासांनी कॉम्प्रेसर थांबवून हीटर लावतो. टायमरचा खटका हाताने हळूच फिरवला की 'टक्' होऊन कॉम्प्रेसर थांबतो. मग हीटर तापून बर्फ वितळायला लागला, तर संशय टायमरवर. नव्या मॉडेलमध्ये हे काम सर्किट बोर्ड आणि सेन्सर करतात.

हीटर तापलाच नाही, तर परत पिन काढून मल्टिमीटर घ्या. १५० वॉटचा हीटर असेल तर साधारण ३५० ओहम यायला हवेत. काहीच आकडा नाही, म्हणजे तार तुटली. थर्मल फ्यूजमधूनही करंट आरपार जायला हवा. तो एकदा उडाला की बदलायचाच.

खरी गंमत बायमेटलची. कॉइलवर बसवलेली ही गोल डबी थंडीत जोडते आणि ऊब लागली की तोडते. टेबलावर ठेवून मोजली तर ती 'तुटलेली'च दाखवणार, चांगली असली तरी! म्हणून तासभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि बाहेर काढल्या काढल्या मोजा. आम्ही ती काकूंच्याच फ्रीझरमध्ये ठेवली. बाहेर आली, तरी जोडलेली नव्हतीच. बाकी सगळं ठीक. त्याच रेटिंगची नवी डबी इलेक्ट्रिशियनकडून बसवून घेतली. दोन दिवस थर्मामीटर ४ ते ६ च्या मध्ये राहिला, तेव्हाच औषध घरी आणलं.

विजेच्या कामाचा हात नसेल तर हे स्वतः करू नका. पण मेकॅनिक आला की दोन गोष्टी विचारा. कॉइलवर बर्फ कुठपर्यंत आहे? आणि बायमेटल गार करून मोजली का? या दोन उत्तरांआधी गॅसचे पैसे देऊ नका.

आणि घरात इन्सुलिन असेल तर फ्रिजमध्ये एक साधा थर्मामीटर आजच ठेवा. भेटू पुढच्या भागात.