लेबलवर ५ मिलिवॅट, मीटरवर १४०

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोलण्याच्या ओघात जे आलं ते फारसं साफसूफ न करता तसंच ठेवलंय, त्यामुळे मध्ये मध्ये गाडी रुळावरून घसरली तर सांभाळून घ्या.

आजचा विषय आहे हातात मावणारे पॉवरफुल लेझर. पेनाएवढे, टॉर्चएवढे. रील्समध्ये तुम्ही पाहिले असतीलच. काडेपेटीची काडी पेटवतात, फुगे फोडतात, रात्री आकाशात हिरवी रेघ सोडतात. खाली कमेंटमध्ये सगळे विचारतात, "भावा, लिंक दे ना."

मी पण कधीकाळी ती लिंक शोधली होती. सापडली, ऑर्डर केली. तिथूनच सुरुवात करतो. यात माझा एक मित्र आहे, त्याला विचारूनच सांगतोय. तो म्हणाला, "सांग, फक्त नाव घेऊ नकोस."

बीटेकच्या तिसऱ्या वर्षाला होतो. हॉस्टेल. पावसाळ्याचे दिवस, हवा दमट, लाइट गेलेली. अशा वेळी मी ते पार्सल उघडलं. काळा धातूचा पाइप, एक बटण, आणि पिवळं लेबल: कमाल पॉवर ५ मिलिवॅटपेक्षा कमी. बटण दाबलं आणि खोलीच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत एक हिरवी दोरी ताणल्यासारखी दिसली. गॅलरीत जाऊन वर धरला, तर ती दोरी थेट ढगात! अख्खा मजला गोळा झाला. खरं सांगतो, त्या रात्री हॉस्टेलचा राजा मी होतो.

आता हे आकर्षण नेमकं कशाचं आहे? मला वाटतं दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे एवढ्या लांब हात पोचल्याची भावना. समोरच्या टेकडीवरच्या पाण्याच्या टाकीवर ठिपका टाकला की वाटतं, आपण तिला बोट लावलं. दुसरी गोष्ट, प्रकाश हा आपल्यासाठी निरुपद्रवी असतो. चाकू दिसला की आपण सावध होतो, गरम तवा दिसला की हात मागे घेतो. प्रकाशाला कोण घाबरतं? म्हणून खेळणं आणि हत्यार यांच्यामधली रेघ इथे दिसतच नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी काळा फुगा फोडायचा प्रयोग करत होतो. फुगा फुटला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. पण मी बटण सोडायच्या आधी तो किरण मागे गेला, आणि मागे टेबलावर मेसच्या डब्याचं स्टीलचं झाकण उभं टेकवून ठेवलं होतं. झाकणावरून उसळलेला किरण बाजूला पलंगावर बसलेल्या माझ्या रूममेटच्या डोळ्यांत गेला. तो म्हणाला, "अरे ए!" आणि डोळे चोळले. मी विचारलं, "दुखतंय का?" तो म्हणाला, "नाही रे, नुसतं चमकलं." विषय संपला. निदान आम्हाला तरी तसंच वाटलं.

दोन दिवसांनी आम्ही कॉमन रूममध्ये कॅरम खेळत होतो. त्याला नेम धरताना डावा डोळा मिटायची सवय. त्याने डोळा मिटला आणि थांबला. परत उघडला, परत मिटला. मग मला हळूच म्हणाला, "अरे, क्वीन दिसत नाहीये."

उजव्या डोळ्याने तो ज्या सोंगटीकडे बघेल तीच गायब. आजूबाजूचं सगळं दिसतंय, बोर्डाची चौकट दिसतेय, माझा चेहरा दिसतोय, पण जिथे नजर रोखली तिथे एक करडा डाग.

इथे थोडं फिजिक्स सांगतो, पळून जाऊ नका. बल्बचा प्रकाश सगळीकडे पसरतो. लेझरचा प्रकाश जवळजवळ समांतर जातो. असा समांतर किरण डोळ्यात शिरला की डोळ्याचं भिंग त्याला रेटिनावर, म्हणजे मागच्या पडद्यावर, केसाच्या जाडीपेक्षाही बारीक ठिपक्यात गोळा करतं. बाहुलीवर पडणारा प्रकाश रेटिनावर पोचेपर्यंत साधारण एक लाख पट तीव्र होतो. लहानपणी भिंगाने कागद जाळला असेल ना? तेच, फक्त इथे भिंग तुमचं स्वतःचं आणि कागदही तुमचाच.

म्हणूनच लेझरचे वर्ग केलेत. दिसणाऱ्या प्रकाशाचा १ मिलिवॅटपर्यंतचा लेझर क्लास २. तो डोळ्यात गेला तर आपण साधारण पाव सेकंदात डोळे मिटतो, आणि तेवढ्या वेळात सहसा इजा होत नाही. ५ मिलिवॅटपर्यंत क्लास ३आर. ५०० मिलिवॅटपर्यंत क्लास ३बी, यात थेट किरण किंवा आरशासारख्या पृष्ठभागावरून उसळलेला किरण डोळा जाळू शकतो. त्याच्या वर क्लास ४, ज्यात भिंतीवर पडलेला ठिपका जवळून बघणंसुद्धा धोक्याचं, आणि कातडी, कपडा, कागद जळतो तो वेगळाच.

आता पाव सेकंदाचं गणित लावा. पाव सेकंदासाठी मर्यादा १ मिलिवॅटची. लेझर शंभर मिलिवॅटच्या वर असेल आणि स्टीलच्या झाकणाने त्यातला दहावा हिस्सा जरी परत पाठवला, तरी मर्यादेच्या दहापट प्रकाश डोळ्यात जातो. पापणी मिटेपर्यंत काम झालेलं असतं. आणि रेटिनाला वेदना कळत नाहीत. म्हणून तो म्हणाला, "नुसतं चमकलं." दोन दिवस कळलं का नाही? कारण दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची उणीव दुसरा डोळा आणि मेंदू मिळून भरून काढतात. कॅरम नसता तर अजून आठवडाभर कळलं नसतं.

आम्ही डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. मॅडमनी स्कॅन केला आणि स्क्रीन आमच्याकडे वळवली. रेटिनाचे थर एकावर एक, चपातीचे पदर असावेत तसे, आणि बरोबर मध्ये एक बारीक तुटलेली जागा. त्यांनी विचारलं, "लेझर किती पॉवरचा होता?" मी म्हणालो, "पाच मिलिवॅट, मॅडम. लेबलवर लिहिलंय." त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "त्याने फुगा फुटला ना?"

मी गप्प.

मंडळी, हीच गोष्ट मला आजही टोचते. ५ मिलिवॅटने फुगा फुटत नाही, काडी पेटत नाही. मी इंजिनिअरिंगचा विद्यार्थी होतो, हे मला कळत नव्हतं असं नाही. लेबल खोटं आहे हे पहिल्याच रात्री माहीत होतं. मला त्याचा आनंदच झाला होता! पैशांत जास्त माल मिळाला, असं वाटलं होतं.

नंतर आमच्या फिजिक्सच्या सरांनी तो लॅबमधल्या पॉवर मीटरवर लावला. आकडा आला १४०. शिवाय सरांनी अजून एक गोष्ट दाखवली. स्वस्त हिरव्या लेझरमध्ये हिरवा प्रकाश थेट तयार होत नाही. आत ८०८ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड डायोड असतो, तो एका स्फटिकात १०६४ नॅनोमीटरचा इन्फ्रारेड तयार करतो, आणि दुसरा स्फटिक त्याचा ५३२ नॅनोमीटरचा हिरवा करतो. शेवटी इन्फ्रारेड अडवायला एक फिल्टर लागतो. पैसे वाचवायला तो फिल्टरच गाळला, तर हिरव्याबरोबर न दिसणारा इन्फ्रारेडही बाहेर येतो. न दिसणाऱ्या प्रकाशाला पापणी मिटत नाही.

हे एका दुकानदाराचं पाप आहे असं समजू नका. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजीने १२२ लेझर पॉइंटर तपासून २०१३मध्ये निकाल सांगितला: हिरव्यांपैकी जवळपास ९० टक्के आणि लाल रंगातले ४४ टक्के तिथल्या सुरक्षा नियमांत बसत नव्हते. म्हणजे लेबल वाचून खरेदी करणारा शहाणा माणूससुद्धा फसतो.

आणि हे एवढे पॉवरफुल लेझर स्वस्त झाले कसे? लेझर पहिल्यांदा चालला तो १९६०मध्ये. थिओडोर मेमन या शास्त्रज्ञाने अमेरिकेत माणकाच्या कांडीतून तो काढला. पुढे अनेक वर्षं पॉवरफुल लेझर म्हणजे लॅबमधलं मोठं धूड. मग सीडी, डीव्हीडी, ब्लू-रे आणि प्रोजेक्टरसाठी डायोड लाखोंनी बनायला लागले. २०१०मध्ये हाँगकाँगच्या विकेड लेझर्सने स्पायडर थ्री आर्क्टिक बाजारात आणला: हातात धरायचा, निळा, १ वॅटचा, किंमत साधारण २०० डॉलर. त्याचा डायोड मुळात प्रोजेक्टरसाठी बनलेला. तो स्टार वॉर्समधल्या तलवारीसारखा दिसतो म्हणून लुकासफिल्मने नोटीस पाठवली आणि फुकटची प्रसिद्धी झाली. मी तेव्हा शाळेत होतो, सायबर कॅफेत ते व्हिडिओ बघायचो. माझ्या डोक्यात किडा तिथेच शिरला.

निळ्याची एक खास गंमत आहे, म्हणजे धोका. आपला डोळा निळ्याला फार कमी संवेदनशील. ४४५ नॅनोमीटरचा निळा त्याच पॉवरच्या ५३२च्या हिरव्यापेक्षा साधारण तिसाव्या हिश्शाइतकाच उजळ दिसतो. म्हणजे १ वॅटचा निळा डोळ्याला ३० मिलिवॅटच्या हिरव्याएवढा वाटतो. जाळण्याची ताकद मात्र पूर्ण १ वॅटची. असा किरण सुमारे दीडशे मीटर लांबच्या माणसाचा डोळाही पाव सेकंदात बिघडवू शकतो. समोरच्या सोसायटीची गच्ची त्याच्या आतच येते.

आता आकाशाकडे. आपल्याला वाटतं, वर कोण आहे? वर विमान आहे. तुमच्या हातातला बारीक ठिपका एक किलोमीटरवर पोचेपर्यंत दीड मीटर रुंद होतो. कॉकपिटच्या काचेवरचे ओरखडे आणि धूळ तो प्रकाश सगळीकडे पसरवतात, आणि ऐन लँडिंगच्या वेळी पायलटसमोर हिरवी भिंत उभी राहते. एकट्या अमेरिकेत २०२३मध्ये अशा १३,३०४ घटनांची नोंद झाली. तिथे या गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. ऑस्ट्रेलियाने तर २००८पासून १ मिलिवॅटपेक्षा जास्त पॉवरचे पॉइंटर परवानगीशिवाय आणायलाच बंदी घातली. आपल्याकडेही विमानतळाच्या आसपास लेझर सोडू नये म्हणून पोलिसांचे मनाई आदेश निघतात.

आणि मिरवणुका? २०२३च्या गणेशोत्सवात लेझर लाइटमुळे तरुणांच्या डोळ्यांना इजा झाल्याच्या बातम्या आल्या. पुढच्या वर्षी पुण्यात पोलिसांनी मिरवणुकीतल्या लेझर बीमवर बंदीचा आदेश काढला. ते हातातले लेझर नाहीत, पण डोळ्याला काय फरक पडतो? शो लेझर माणसांच्या डोक्यावरून जायला हवा, आणि फिरता हवा. ट्रॉलीवरून तोंडाच्या उंचीवर आला किंवा मध्येच एका जागी अडकला, की संपलं. मोबाइलने शूट करताना किरण थेट लेन्समध्ये गेला तर कॅमेऱ्याचा सेन्सरही जळतो, फोटोत कायमच्या रेघा येतात. सेन्सर बदलून मिळतो हो.

मग लेझर वापरायचाच नाही का? मी तसं म्हणत नाही. आकाशदर्शनाला गेलात तर सप्तर्षी दाखवायला खरोखरचा ५ मिलिवॅटचा हिरवा पुरतो, कारण हिरव्याला डोळा सगळ्यात संवेदनशील आहे. तोसुद्धा जाणत्या माणसाच्या हातात, आणि विमान दिसलं की बंद. प्रेझेंटेशनला १ मिलिवॅट भरपूर झाला. काही जळतंय, फुटतंय असा व्हिडिओ दाखवून कोणी विकत असेल, तर लेबलवर काहीही लिहिलेलं असो, तो क्लास ३बी किंवा ४ समजा. सोबत फुकट आलेल्या रंगीत प्लॅस्टिकच्या चष्म्यावर भरवसा ठेवू नका. लेझरचा खरा चष्मा ठरावीक नॅनोमीटरसाठी असतो आणि त्यावर तसा आकडा लिहिलेला असतो. निळ्यासाठीचा चष्मा लालला अडवेलच असं नाही. लहान मुलांच्या हातात जत्रेतला लेझर दिसला तर काढून घ्या, रडू दे थोडा वेळ.

आणि डोळ्यात लेझर गेलाच तर? चोळू नका. एकेक डोळा मिटून वहीच्या चौकटीच्या कागदाकडे बघा. रेघा वाकड्या दिसल्या, मध्ये डाग दिसला, तर त्याच दिवशी रेटिनाच्या डॉक्टरांकडे जा. "दुखत नाहीये" म्हणून थांबू नका. आणि पॉवर किती हे खरं सांगा.

माझ्या मित्राचं काय झालं? सूज उतरल्यावर डाग थोडा लहान झाला, गेला नाही. जळलेल्या पेशी परत येत नाहीत. तोही आता कोडिंगच करतो, डाव्या डोळ्याच्या भरवशावर. उजव्या डोळ्याने वाचायला गेला तर ज्या अक्षराकडे बघेल तेच अक्षर नाहीसं होतं, पुढचं-मागचं दिसतं. त्याने मला एकदाही बोल लावला नाही. त्याच्या आईला मात्र मी अजून नीट सांगू शकलेलो नाही की लेझर माझा होता. काकू अजूनही विचारतात, "कुठून आलं रे ते मेलं यंत्र हॉस्टेलात?" हा एपिसोड टाकायच्या आधी त्यांना फोन करायचं ठरवलं होतं. काल केला. बराच वेळ त्या काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "दिवाळीला ये घरी. तेव्हा बोलू."

तो पाइप अजून माझ्या कपाटात आहे. सेल काढून टाकलेत, बटण तोडलंय. फेकला नाही, कारण फेकला तर कोणाला तरी सापडेल. त्यावरचं पिवळं लेबल अजून शाबूत आहे: ५ मिलिवॅटपेक्षा कमी.

आम्ही भेटलो की अजूनही कॅरम खेळतो. तो आता नेम धरताना उजवा डोळा मिटतो.

चला, आज इथेच थांबतो. तुमच्या ग्रुपमध्ये कोणी "भावा, लिंक दे" म्हणत असेल, तर त्याला लिंकच्या ऐवजी हे पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू.