खाडीतील पिल्ले



बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर ही आपली गावे. येथून समुद्र काही दिसत नाही. मग समुद्रातल्या माशांशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि तो फार जवळचा आहे.

उल्हास नदी राजमाचीच्या डोंगरातून निघून बदलापूरवरून खाली येते. वालधुनी अंबरनाथच्या डोंगरात उगम पावते. शिवमंदिराजवळून, उल्हासनगरातून वाहत ती कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. पुढे खाडी लागते, आणि ती वसईला समुद्राला मिळते. म्हणजे आपल्या मोरीतले पाणी शेवटी खाडीतच जाते.

खाडी ही माशांच्या पिल्लांची बालवाडी आहे. बोई, जिताडा, कोळंबी यांची चिमुकली पिल्ले भरतीबरोबर आत येतात. तेथे पाणी उथळ असते. तिवरांच्या मुळांत लपायला जागा असते. चिखलात खाणे मिळते. तेथेच ती वाढीला लागतात.

मासाही श्वास घेतो. पाण्यात विरघळलेला प्राणवायू तो कल्ल्यांनी घेतो. एका लिटर पाण्यात निदान ४ मिलिग्रॅम तरी प्राणवायू हवा. पाण्यात घाण आली, की ती कुजते. कुजताना सूक्ष्म जंतू हा प्राणवायू संपवून टाकतात. मोठा मासा दूर पळतो. पिल्लू कोठे पळणार? ते जागीच गुदमरते. त्यात कारखान्याचे तेजाब मिसळले, तर कोवळे कल्ले भाजून निघतात. उन्हाळ्यात नदीला पाणी थोडे, म्हणून तेव्हा घाण अधिकच दाट होते.

२०१४ साली उल्हासनगरात कोणी तरी वालधुनीत रसायन ओतले. त्याच्या वाफेने शेकडो माणसांना इस्पितळात न्यावे लागले. माणसांची ही गत, तर बोटाएवढ्या पिल्लाची काय कथा! आज पिल्लू मेले, तर उद्या कोळ्याच्या जाळ्यात काय येणार? आणि आपल्या ताटात तरी काय येणार?

मग आपण काय करावे? नाल्यात कचरा, प्लॅस्टिक, जुने तेल टाकू नये. आणि आणखी एक. आता आपल्याला लिहिता येते. रात्री कोणी टँकर नाल्यात रिकामा करताना दिसला, तर जागा, तारीख, वेळ व गाडीचा नंबर लिहून ठेवावा. दहा जणांनी सह्या करून नगरपालिकेला व प्रदूषण नियंत्रण मंडळाला अर्ज द्यावा. पिल्लांना बोलता येत नाही. त्यांच्या वतीने आपण लिहू या.