मावा आणि ढालकिडा

रब्बीची पेरणी उरकून तुम्ही कार्तिकीला आलात. घरी गेल्यावर काही दिवसांनी करडईवर मावा दिसेल. काळा, बारीक, शेंड्याला चिकटून रस पिणारा. हा वैरी आहे, हे तुम्हाला सांगावं लागत नाही.

पण त्याच्याच शेजारी एक काळसर, खरखरीत, नारिंगी ठिपक्यांची अळी हिंडत असते. दिसायला ओंगळ. तुम्ही म्हणता, ही आणखी एक कीड आली! अहो, ती ढालकिड्याची अळी. ती पीक खात नाही; मावा खाते, आणि शेकड्यांनी खाते.

आपण काय करतो? पंप पाठीवर घेतो अन् दोघांनाही मारतो. मग होतं काय? मावा आठवडाभरात वयात येतो. त्याची मादी नराविना जिवंत पिल्लं घालते. ढालकिड्याला अंड्यापासून मोठं व्हायला ३ आठवडे लागतात. म्हणजे चोर आधी परत येतो, राखणदार मागे राहतो.

मंडळी, मनाचं शेतही असंच आहे. काम-क्रोध आपोआप माजतात; विवेक सावकाश वाढतो. घरातलं एखादं माणूस आपल्याला तोंडावर खडसावतं. कडू वाटतं. पण आपल्या मनातला मावा तेच वेचत असतं, अन् आपण आधी त्यालाच तोडतो.

म्हणून फवारण्याआधी पान उलटून बघा. ढालकिडे भरपूर असतील तर दोन दिवस थांबा, पुन्हा बघा. आणि घरात कुणाला तोडून बोलण्याआधीही तेवढंच थांबा.

बोला, पुंडलिक वरदे हरी विठ्ठल!