संसाराचे त्रैराशिक

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



आम्ही विद्वान नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलो आणि उभे आयुष्य मुलांना पाढे व त्रैराशिके शिकविण्यात घालविले. सबब विषयही आमच्या आवाक्यातलाच निवडला आहे. तो म्हणजे दर आठवड्याच्या बाजारहाटाचा वाढता खर्च आणि त्यास तोंड देण्याचे उपाय.

हा विषय काहींना क्षुल्लक वाटेल. ज्ञातीच्या व्यासपीठावर मीठ-मिरचीची चर्चा कशाला, असेही कोणी म्हणेल. परंतु आपल्या ज्ञातीतील बहुसंख्य कुटुंबे ठराविक पगारावर किंवा तुटपुंज्या निवृत्तिवेतनावर चालणारी आहेत. अशा घरात महागाई शिरली म्हणजे ती घरभाड्याला हात लावीत नाही, मुलांच्या फीला लावीत नाही. ती मुकाट्याने ताटात शिरते. प्रथम वरण पातळ होते, मग दूध अर्ध्यावर येते, आणि सर्वांत शेवटी जेवणाऱ्या गृहिणीच्या पानात काय उरते, हे कोणी पाहत नाही. म्हणून हा प्रश्न केवळ पैशाचा नसून घरातील माणसांच्या प्रकृतीचा आहे, असे आम्ही मानतो.

महागाईची कारणे सर्वस्वी आपल्या हाती नाहीत. खाद्यतेलाचेच पाहा. आपल्या देशाला लागणाऱ्या तेलापैकी निम्म्याहून अधिक तेल परदेशांतून येते. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा सूर्यफुलाचे तेल भडकले. त्याच वर्षी इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात बंद केली, आणि त्याची झळ आपल्या कढईपर्यंत पोहोचली. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने तेलावरील आयातशुल्क वाढविले, तेव्हाही तसेच झाले. तुरीचा पाऊस हुकला की डाळ चढते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किलोला शंभर रुपयांच्या वर गेला होता, हे आपण विसरला नसालच. या गोष्टींवर आपली सत्ता नाही. तथापि पिशवी घेऊन निघाल्यापासून घरी परतेपर्यंत जे घडते, त्यावर आपली सत्ता निश्चितच आहे.

पूर्वी महिन्याची यादी वाण्याकडे जाई आणि यादीबरहुकूम सामान येई. आता शनिवार-रविवारी सहकुटुंब सुपरमार्केटात जाण्याचा प्रघात पडला आहे. तेथे माल स्वच्छ मिळतो, भाव लिहिलेला असतो, हा गुण मान्य केलाच पाहिजे. पण तेथील ढकलगाडी मोठी असते आणि ती रिकामी परत नेण्याचा मनुष्यास संकोच वाटतो. सरकारच्या २०२३–२४ च्या कुटुंबखर्च पाहणीत असे दिसून आले की, शहरी कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४० टक्के आणि ग्रामीण कुटुंबाच्या खर्चापैकी सुमारे ४७ टक्के भाग अन्नावर जातो. आणि या अन्नखर्चात सर्वांत मोठा वाटा धान्याचा नव्हे, डाळीचाही नव्हे, तर पेये व तयार खाद्यपदार्थांचा आहे! याचा अर्थ असा की, कात्री कोठे लावावी याचा शोध पुडक्यांच्या कप्प्यात घ्यावा, डाळीच्या डब्यात नव्हे.

आता आमच्या आवडत्या त्रैराशिकाकडे वळू. तेलाची एक पिशवी १२० रुपयांना व दुसरी १४१ रुपयांना आहे, असे समजा. पहिली स्वस्त म्हणून हात तिकडे जातो. परंतु पहिलीवर बारीक अक्षरांत ७५० ग्रॅम लिहिलेले आहे, आणि दुसरी एक लिटरची आहे. एक लिटर तेलाचे वजन सुमारे ९१० ग्रॅम भरते. हिशेब केला तर पहिले तेल किलोला १६० रुपये पडते आणि दुसरे सुमारे १५५ रुपये. स्वस्त दिसले तेच महाग ठरले! हल्ली किंमत तीच ठेवून आतील वजन घटविण्याची रीत पुष्कळ मालांत रूढ झाली आहे. कायद्याने आता वेष्टनावर दर ग्रॅमचा किंवा दर किलोचा भाव छापणे आवश्यक केले आहे; तो वाचावा. छापील कमाल किमतीहून एक पैसाही अधिक देऊ नये. कोणी मागितल्यास १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे तक्रार नोंदविता येते. आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. १८ जुलै २०२२ पासून २५ किलोपर्यंतच्या बंद, लेबल लावलेल्या धान्यावर व पिठावर ५ टक्के कर लागू झाला. सुट्या धान्यावर तो नाही. गहू सुटा घेऊन गिरणीतून दळून आणणाऱ्यास हा कर पडत नाही, आणि पीठही ताजे मिळते.

दुसरा उपाय आपल्या आजी-पणजींनी घालून दिलेला आहे. तो म्हणजे साठवण. नवी तूर साधारणतः जानेवारी ते मार्चमध्ये बाजारात येते, हरभरा फेब्रुवारी-मार्चात, गहू मार्च-एप्रिलात. हंगामात माल पुष्कळ येतो तेव्हा भाव बहुधा नरम असतो. डाळीला ऊन देऊन एरंडेलाचा हात फिरवावा, गव्हात कडुनिंबाचा वाळलेला पाला घालावा, डबे कोरडे ठेवावेत. शहरातील दोन खोल्यांत वर्षाची बेगमी मावत नाही, हे खरे. पण चार महिन्यांची मावते. भाजीच्या बाबतीतही हंगाम पाहावा. टोमॅटो महागला तर आमटीस चिंच आहे, आमसूल आहे.

मात्र काटकसर म्हणजे उपासमार नव्हे. मुलांचे दूध, रोजचे वरण, गरोदर सुनेची भाजी, वृद्धांचे फळ यांवर कात्री चालविणारा गृहस्थ काटकसरी नसून आंधळा होय. जे वाचते ते वैद्याच्या बिलात दामदुप्पट जाते.

तिसरा उपाय सर्वांत मोठा, आणि त्याकरिताच आम्ही उभे राहिलो आहोत. तो म्हणजे संघटित खरेदी. १८४४ साली इंग्लंडातील रॉचडेल या गावी २८ कामकरी मंडळींनी थोडीथोडी पुंजी जमवून पीठ, साखर, लोणी विकणारे सहकारी दुकान काढले. उधारी नाही, भेसळ नाही, आणि नफा खरेदीच्या प्रमाणात सभासदांना, हे त्यांचे नियम होते. आपल्याकडे १९४८ साली मुंबईत नायगावच्या गिरणी कामगारांतून ‘अपना बाजार’ उभा राहिला. १९७२ साली महागाईविरुद्ध मृणालताई गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्या पुढाकाराने लाटणी घेऊन स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९७५ साली मुंबई ग्राहक पंचायत स्थापन झाली आणि शेजारच्या कुटुंबांनी संघ करून एकत्र माल मागवावा व आपसांत वाटून घ्यावा, ही पद्धत तिने रुजविली.

मग आपल्या मंडळाने हे का करू नये? आमची सूचना लहानशी आहे. वर्षातून दोनदाच, तूरडाळ फेब्रुवारी-मार्चात आणि गहू एप्रिलात, इच्छुक कुटुंबांनी आगाऊ रक्कम भरून मागणी नोंदवावी. मंडळाने ठोक भावाने माल आणावा, सभागृहात वजन करून द्यावा आणि जमाखर्च फलकावर लावावा. ज्ञातीतील काही बंधूंची किराणा दुकाने आहेत. त्यांच्या पोटावर पाय येईल, ही शंका रास्त आहे. त्यास उत्तर हेच की, खरेदी त्यांच्याच मार्फत करावी आणि त्यांची वाजवी अडत उघडपणे ठरवावी. दुसरी अट आम्ही आग्रहाने घालतो. प्रत्येक पन्नास किलोंमागे एक किलो धान्य बाजूस काढावे व ते अडचणीतील कुटुंबांच्या घरी, नाव न उच्चारता, इतरांसारख्याच पिशवीतून पोहोचवावे. घेणाऱ्याची मान खाली जाईल असे साहाय्य ज्ञातीला शोभत नाही.

या कामात भगिनींना केवळ पिशव्या भरण्यास बोलावू नये. खरेदी समितीत निम्म्या तरी स्त्रिया असाव्यात. डाळ शिजेल की नाही, हे आपल्यापैकी किती पुरुषांना दाणा पाहून सांगता येईल?

वर्गात आम्ही मुलांना सांगत असू की, उदाहरण समजले एवढ्याने गुण मिळत नाहीत, ते सोडवावे लागते. मंडळाने येत्या मासिक सभेत हा विषय घ्यावा, अशी आमची प्रार्थना आहे.