शस्त्रक्रिया आणि रोग्याचे ताट

वसईजवळच्या आमच्या होळीत कुणाचे ऑपरेशन झाले, की रोगी घरी येताच भेटीला येणाऱ्यांची रीघ लागते. येताना कुणी शहाळे आणतो, कुणी ग्लुकोज-बिस्किटांचा पुडा, कुणी अर्धा डझन मोसंबी. आणि निघताना प्रत्येकजण उंबरठ्याशी थांबून एकेक मनाई ठेवून जातो. "आंबट देऊ नका हो, जखम चिघळते." "डाळीने पू होतो." "वांगे तर बघूसुद्धा नका." "मासळी? छे, छे! टाके सुटायचे आहेत अजून." होता होता संध्याकाळपर्यंत रोग्याच्या ताटात पातळ पेज तेवढी उरते, आणि मोसंबी घरातली मुले खातात.

हे सारे लोक मायेने बोलत असतात, यात शंका नाही. परंतु या मायेचा हिशेब कधीतरी मांडून पाहिला पाहिजे. मी स्वतः वैद्य नव्हे. महाविद्यालयात संस्कृत शिकवणारा माणूस. हा विषय माझ्याकडे आला तो शेजारच्या काकांमुळे.

काका केळीच्या वाडीतले. आयुष्यभर घड वाहिलेला, घट्ट बांध्याचा माणूस. पुढे आतड्याचे दुखणे निघाले. तपासण्या, तारखा, मुंबईचे हेलपाटे यांत तीन महिने गेले आणि ५८ किलोंचा माणूस ४९ वर आला. ऑपरेशन चांगले झाले. घरी आल्यावर मात्र जखम भरेना. तिसऱ्या आठवड्यात मी त्यांच्याबरोबर दाखवायला गेलो होतो. सर्जनसाहेबांनी विचारले, "खायला काय देता?" काकूंनी मोठ्या अभिमानाने सांगितले, "पथ्य अगदी कडक पाळलंय हो. पेज, चहा, दोन केळी आणि शहाळं. बाकी कशाला हात लावू दिला नाही." साहेब क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "बाई, ते पथ्य आजपासून बंद करा."

घरी आल्यावर मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. काकांच्या वजनाच्या माणसाला शस्त्रक्रियेनंतर दिवसाला साधारण ६० ते ७५ ग्रॅम प्रथिने लागतात. किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅम, असे हल्लीचे शस्त्रवैद्यक सांगते. काकूंच्या पथ्यात ती १५ ग्रॅमच्या वर जाईनात. मग उरलेली कोठून येतात? ती रोग्याच्या स्वतःच्या मांसातून येतात. मोठी जखम झाली की शरीर आपलेच स्नायू मोडून दुरुस्तीचे सामान काढू लागते. अस्थिभंग झालेल्या रोग्यांच्या लघवीतून नत्र किती जातो ते ग्लासगोच्या डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या सुमारास मोजले आणि ही गोष्ट प्रथम नीट दाखवून दिली. घराची भिंत पडली, विटा विकत आणायला कुणी तयार नाही, म्हणून माजघराची भिंत पाडून ओटीची बांधायची, असा हा प्रकार! मांड्या बारीक होतात, उठून चालायचे बळ राहत नाही. खोकून कफ काढायलासुद्धा स्नायूच लागतात, हे आपल्या ध्यानात येत नाही.

आणि ही झीज ऑपरेशनच्या टेबलावर सुरू होते असे नाही. १९३६ साली अमेरिकेत क्लीव्हलंडच्या हायरम स्टडली या सर्जनने जठरव्रणाच्या रोग्यांची वजने तपासली. शस्त्रक्रियेपूर्वी ज्यांचे वजन २० टक्क्यांहून अधिक उतरले होते, त्यांच्यातील तीनांपैकी एक दगावला होता; इतरांत हेच प्रमाण ३.५ टक्के होते. तेव्हापासून वैद्यकाची पुष्कळ प्रगती झाली. पण 'गेल्या सहा महिन्यांत वजन किती उतरले?' हा प्रश्न आजही तितकाच मोलाचा आहे. डॉक्टरांनी तो विचारला नाही, तर आपण होऊन सांगावे. शस्त्रक्रिया तातडीची नसेल आणि रोगी फारच खंगलेला असेल, तर आठ-पंधरा दिवस थांबून आधी त्याला पोसण्याचा सल्ला आता दिला जातो. तारीख मिळेपर्यंतचे दिवस म्हणजे नुसते वाट पाहण्याचे दिवस नव्हेत. अंगात रक्त कमी असेल, साखर वाढलेली असेल, तर तेही याच दिवसांत सुधारायचे असते. काकांचे ते तीन महिने काळजीत आणि उपासमारीत गेले. घरात काही कमी होते म्हणून नव्हे. 'पोटाला विश्रांती' म्हणून.

आता क जीवनसत्त्वाची एक गोष्ट सांगतो. १९३९ साली बोस्टनमध्ये जॉन क्रँडन नावाच्या एका तरुण सर्जनने स्वतःवरच प्रयोग केला. फळे, भाज्या, दूध सारे सोडून सहा महिने तो पाव, चीज, अंडी असल्या खाण्यावर राहिला. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम एक जखम करून घेतली. ती सुरेख भरली. सहा महिन्यांनी पुन्हा केली. वरची कातडी जुळली, पण आत पाहावे तो काहीच सांधले नव्हते! नंतर त्याला क जीवनसत्त्व टोचले, तेव्हा कुठे जखम भरून आली. जखम सांधणारा कोलॅजेन नावाचा जो तंतू असतो, तो या जीवनसत्त्वावाचून पक्का विणला जात नाही. आणि हे जीवनसत्त्व असते कशात? आवळ्यात, पेरूत, लिंबात, मोसंबीत. म्हणजे उंबरठ्यावरून परत गेलेल्या त्या आंबटातच. लिंबू मात्र पातेले उतरल्यावर पिळावे. उकळीत त्यातले बरेचसे सत्त्व जाते.

काकूंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "सर, अमेरिकेचं राहू द्या. आपल्या शास्त्रात काय सांगितलंय?"

प्रश्न माझ्या प्रांतातला होता. मी सुश्रुतसंहिता काढली. तिच्या सूत्रस्थानात व्रणितोपासनीय नावाचा अध्याय आहे. जखमी माणसाची शुश्रूषा कशी करावी हाच त्याचा विषय. तो वाचताना मला मोठी गंमत वाटली. आमच्या उंबरठ्यावरच्या मनाया त्यात जवळजवळ जशाच्या तशा सापडतात: आंबट नको, नवे धान्य नको, उडीद-कुळीथ नकोत, पाण्यातल्या प्राण्यांचे मांस नको. पण अध्याय तिथे संपत नाही. काय द्यावे तेही सुश्रुत सांगतो: जुन्या तांदळाचा भात तुपासह, मुगाचे कढण, रानातल्या प्राण्यांचे मांस, तांदुळजा, पडवळ, कारले, डाळिंब आणि आवळा. आणि होय, त्या यादीत वांगेसुद्धा आहे! म्हणजे नकोची यादी पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ राहिली आणि द्यावयाची यादी आम्ही वाटेत कुठेतरी सांडली.

काकू काही भोळ्या नव्हेत. त्यांनी नेमके बोट ठेवले. "मग मासळी नको असंच म्हणतो ना तो? दूध-दहीपण नको म्हणतो. म्हणजे तुम्हाला सोयीचं तेवढं सुश्रुताचं घ्यायचं!"

खरे आहे, मी तेच करतो, आणि उघडपणे करतो. सुश्रुताजवळ अंगातला नत्र मोजण्याचे साधन नव्हते, आज आहे. ताज्या, नीट शिजवलेल्या मासळीने जखमेत पू होतो, असे मोजून पाहणाऱ्यांना आढळलेले नाही. पू होतो तो जंतूंमुळे. ज्याला मासळीची पित्तासारखी बाधा होते, त्याची गोष्ट निराळी. आमच्या किनाऱ्यावर बाळंतिणीला दूध यावे म्हणून मुशीचे कालवण आवर्जून देतात. तिच्या अंगात काय जखम नसते? पाचूबंदर जवळ, होळीचा बाजार दारात, आणि ताटात नुसती पेज, याला काय म्हणावे!

सलाईनविषयी दोन शब्द. बाटली लावली म्हणजे पोट भरले, अशी पुष्कळांची समजूत असते. नुसत्या मिठाच्या सलाईनमध्ये अन्न मुळीच नसते. ग्लुकोजच्या पाच टक्क्यांच्या एक लिटर बाटलीत ५० ग्रॅम साखर असते. म्हणजे दोन पोळ्यांची शक्ती आणि प्रथिने शून्य. शहाळ्याचीही तीच गत. तहान भागेल, जखम भरणार नाही.

तसेच उपाशी राहण्याचे. भूल देताना पोटातले अन्न श्वासनलिकेत उतरण्याचा धोका असतो, म्हणून पोट रिकामे ठेवतात. परंतु आदल्या दुपारपासूनच ताट बंद करणे हा आपला उत्साह आहे. सामान्यतः सहा तास आधी जेवण आणि दोन तास आधीपर्यंत साधे पाणी चालते. मधुमेही, गरोदर किंवा पोटाचे रोगी यांचे नियम वेगळे. तेव्हा भुलीच्या डॉक्टरांना वेळ घड्याळात विचारून घ्यावी. ऑपरेशननंतर वारा सरेपर्यंत थेंबही न देण्याची जुनी चालही आता मागे पडली आहे. डेन्मार्कच्या हेन्रिक केलेट यांनी १९९० नंतर जी पद्धत घालून दिली, तिच्यात रोग्याला लवकर उठवतात आणि लवकर खाऊ घालतात. बहुतेक शस्त्रक्रियांनंतर पहिल्या दिवसातच तोंडाने काहीतरी सुरू होते. मात्र जो अनेक दिवस उपाशी आहे त्याच्या ताटात एकदम डोंगर रचू नये. त्याने जिवावरही बेतते. मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रथिनांचे माप डॉक्टरांनीच ठरवावे.

काकांचे ताट हळूहळू असे बसले: सकाळी दोन अंडी आणि दूध, दुपारी भाताबरोबर मुगाचे दाट कढण, वर लिंबू, चार वाजता पेरूची फोड, रात्री पोळी आणि बांगड्याचा तुकडा, झोपताना पुन्हा दूध. एका बैठकीत जात नसे म्हणून सहा वेळा थोडे थोडे. वाडीतली केळी होतीच. ती शक्तीला चांगली, पण एका केळ्यात प्रथिने जेमतेम एक ग्रॅम, म्हणून त्यांच्यावर भिस्त ठेवली नाही. जखम भरायला आणखी पाच आठवडे लागले. हे सारे बांगड्याने झाले असे मी म्हणणार नाही. ड्रेसिंगही रोज नीट होत होते. पण काका स्वतःच्या पायांनी वाडीत गेले.

परवा आळीतल्या एका घरी पित्ताशयाचे ऑपरेशन झाले. काकू भेटीला निघाल्या तेव्हा हातात शहाळे नव्हते, सहा अंडी होती. "आणि वांगं?" मी विचारले. "ते नाही हो," काकू म्हणाल्या, "ते अजून पटत नाही."