मागे नावं लिहा

अध्यक्ष महोदय, मुख्याध्यापक सर, गावकरी मंडळी आणि विंगेत घुंगरू बांधून ताटकळलेल्या सातवीच्या मुलींनो,

पत्रिकेत माझ्या नावापुढे ‘करिअर मार्गदर्शन’ छापलंय. ते आधी उरकते. मी रस्ते बांधते. रस्ता टिकतो तो खालच्या भरावावर आणि बाजूच्या गटारावर, डांबर नंतरचं. बाकीचं कॉलेजात शिकवतात.

याच शाळेत पाचवीत मी ‘माझे वडील’ हा निबंध दोन ओळींत संपवला होता. ‘ते मिलिटरीत आहेत. ते शूर आहेत.’ बाईंनी शेरा मारला, ‘अजून लिही.’ पहिल्या रांगेत बसल्यात त्या. बाई, पन्नास वर्षं उशीर झाला, पण आज लिहिते.

आमच्या घरी एक फोटो आहे. शक्तिमान ट्रकला टेकून तिघं उभे. मधले माझे वडील, ड्रायव्हर. आपल्या पारनेर तालुक्याला हे नवं नाही. राळेगणचे अण्णा हजारेही १९६५ साली खेमकरणला ट्रकच चालवत होते. रणगाडे बघायला लोक नगरच्या संग्रहालयात जातात. रेशन पोचवणारा ट्रक कोण बघतं?

फोटोतला उजवीकडचा आईला ताई म्हणायचा. दर भाऊबीजेला त्याची पाच रुपयांची मनीऑर्डर यायची. १९७२ च्या दिवाळीला आली नाही. दुष्काळ होता, अख्खा गाव खडी फोडत होता. त्याच्याकडे तरी कुठून असणार, म्हणून आई गप्प बसली. आदल्या डिसेंबरात युद्ध होऊन गेलं होतं, हा धागा तिनं म्हातारपणी जोडला. वडील सुट्टीवर आले तेव्हा तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. नाव? ती नुसतं ‘भाऊ’ म्हणायची. आता आई-वडील दोघंही नाहीत. फोटोच्या मागे फक्त स्टुडिओचा पुसट शिक्का आहे.

मुलांनो, मोबाईलात तुमचे हजारो फोटो असतील. त्यातले चार कागदावर काढून घ्या आणि मागे नावं लिहा. कोण, कुठं, कधी. पेन्सिलीनं, बॉलपेन पुढे उमटतं. घरातले जुने फोटो आजच ट्रंकेतून काढा, आजीला विचारा, नावं लिहा. गणितात चार मार्क कमी पडले तरी चालतील. सर, माफ करा, पण चालतील.

तिसऱ्या रांगेत पदकं लावून एक आजोबा बसलेत. बाबा, कार्यक्रम संपला की लगेच निघू नका. नववीची मुलं वही-पेन्सिल घेऊन तुमच्याकडे येतायत.